येथे गोरे करून मिळणार नाही

मुरबाडच्या एसटी स्टँडमागच्या गल्लीत एका घराच्या ओट्यावर पत्र्याची पाटी होती. वर मोठ्या अक्षरांत 'ब्युटी पार्लर', त्याखाली 'फक्त स्त्रियांसाठी', आणि त्याच्याही खाली, पेंटरला जागा कमी पडल्यामुळे दाटीवाटीनं बसवलेली ओळ: 'येथे गोरे करून मिळणार नाही'. मी ती पाटी पहिल्यांदा वाचली तेव्हा माझ्या काखेत वळकटी होती आणि मी भाड्याची खोली बघायला आले होते. पार्लरच्या मागची खोली रिकामी आहे, माणसं चांगली आहेत, एवढंच मला हेडमास्तरांनी सांगितलं होतं. पाटीबद्दल ते काही बोलले नव्हते.

दार उघडलं ते एका काळ्या, ठेंगण्या, कुरळ्या केसांच्या बाईंनी. त्यांनी माझ्या तोंडाकडे बघितलंच नाही. चपला काढायला लावल्या, मग मागे वळून उभी राहा म्हणाल्या, आणि वाकून माझ्या टाचा बघितल्या. तोंड सगळेच धुतात, त्यावरून काय कळणार, असं त्यांचं मत होतं हे मला नंतर समजलं. टाचा बघून झाल्यावर त्या म्हणाल्या, "राहा." भाड्याचं बोलणं त्यांच्या मिस्टरांनी केलं.

ही नव्वदीच्या मधल्या वर्षांतली गोष्ट. माझं माहेर शहापूर तालुक्यात, उंबरमाळीच्या वरच्या अंगाला. घरी भातशेती. माझी पहिली नेमणूक सिद्धगडाच्या पायथ्याच्या जिल्हा परिषदेच्या शाळेत झाली होती आणि घरून ये-जा करणं अशक्य होतं. सकाळी मुरबाडहून जीप, पुढे पायी. घरात दोन बाया झाल्यामुळे पोस्टमनची पंचाईत व्हायला लागली. तो दारात येऊन "बाई" म्हणून हाक मारायचा आणि आम्ही दोघी बाहेर यायचो. त्यावर घरमालकीणबाईंनीच तोडगा काढला. मी शाळेची बाई आणि त्या तोंडाची बाई. पुढे सगळ्या गल्लीत तेच चालू झालं. मी मात्र त्यांना शेवटपर्यंत नुसतं बाईच म्हणत आले.

बाईंनी लग्नाआधी कल्याणला एका चामडीच्या डॉक्टरीणबाईंच्या दवाखान्यात बरीच वर्षं काम केलं होतं. झाडूपोछापासून सुरुवात करून मलमं कालवण्यापर्यंत मजल गेली होती. त्यामुळे त्यांचं प्रत्येक वाक्य "डॉक्टरीणबाई म्हणायच्या" इथून सुरू व्हायचं. तोंड साबणानं घासू नये, असं डॉक्टरीणबाई म्हणायच्या. पुरळ फोडू नये, असंही म्हणायच्या. इथपर्यंत ठीक होतं. पण वांग्यात तेल कमी घालावं, भाचरांना घरात फार दिवस ठेवू नये आणि पुढच्या निवडणुकीत कोण पडणार, हेही डॉक्टरीणबाईंनीच सांगून ठेवलं होतं. मला एकदा कल्याणला जाऊन त्यांना भेटायचा योग आला. म्हाताऱ्या झाल्या होत्या, पण बाईंची आठवण चांगली होती. हुशार होती, म्हणाल्या, माझं ऐकायची मात्र नाही.

त्या दवाखान्यातून बाईंनी एक गोष्ट पक्की उचलली होती, ती म्हणजे त्यांचं आंबट पाणी. खरं नाव लॅक्टिक अ‍ॅसिड. डॉक्टरीणबाईंच्या ओळखीचा कल्याणचा केमिस्ट ते पातळ करून बाटलीत भरून द्यायचा. दुधाचं दही होतं तेव्हा त्यात जो आंबटपणा येतो तोच हा, असं बाई समजावून सांगायच्या. तोंडावरची मेलेली कातडी त्यानं सुटते, न घासता, न खरवडता. पुरळाचे काळे डाग हळूहळू उतरतात. बाटलीवर त्यांनी अ‍ॅसिड हा शब्द कधी ठेवला नाही. मुरबाडात अ‍ॅसिड म्हणजे बॅटरीत घालायचं किंवा संडासात ओतायचं. तरी कुठून तरी बातमी फुटली आणि गल्लीतल्या चार-दोन बाया तावातावानं विचारायला आल्या. बाईंनी बाटलीतले थेंब स्वतःच्या जिभेवर टाकून दाखवले. बाया निमूट परत गेल्या. पुढे आठवडाभर बाईंना मिठाची चव कळत नव्हती आणि त्या घरची आमटी कशी होती हे फक्त त्यांच्या मिस्टरांना आणि मला माहीत आहे.

मिस्टर एसटीत कंडक्टर होते. त्यांना मी काका म्हणायची. काका फार बोलत नसत. तिकीट देता देता बोलायचा कोटा संपतो, असं त्यांचं म्हणणं होतं. बाईंनी सुरुवातीच्या काळात आंबट पाणी घरीच, अंदाजानं कालवून बघितलं होतं आणि प्रत्येक नवा अंदाज काकांच्या डाव्या हातावर तपासला होता. आमच्यासारख्या काळ्या कातडीचं एक असतं. तिला जरा कुठं भाजलं, चुरचुरलं, खरचटलं की तिथं डाग धरतो आणि तो महिनोन् महिने हटत नाही. काकांच्या हातावर मनगटापासून कोपरापर्यंत असे गोल काळे डाग ओळीनं बसले होते. खाकी शर्टाची बाही अर्धी, त्यामुळे ते सगळ्या गाडीला दिसायचे. नवखे प्रवासी सुट्टे पैसे त्यांच्या तळहातावर वरून सोडायचे. काकांची तक्रार नव्हती. उलट गर्दीतही आपल्याला उभं राहायला मोकळी जागा मिळते, असं ते सांगायचे.

त्या डागांमधूनच बाईंचे नियम तयार झाले होते. नवीन गिऱ्हाईक आलं की पहिल्या दिवशी फक्त कानामागे एक बोट लावायचं आणि घरी पाठवायचं. पुढच्या आठवडी बाजाराला यायचं. कानामागे काळं पडलं नसेल तर मग जबड्याच्या कडेला. त्याच्या पुढच्या बाजाराला तोंड. तेही आठवड्यातून दोनदा, जास्त नाही, संध्याकाळी, तोंड धुऊन कोरडं केल्यावर. डोळ्यांजवळ नाही, ओठांजवळ नाही. चुरचुर थांबली नाही तर धुऊन टाकायचं. दुसऱ्या दिवशी उन्हात जाताना छत्री. काळी, मोठी, दांड्याची. आवणीच्या, म्हणजे भातलावणीच्या, दिवसांत तर आंबट पाणी बंदच असायचं. बाया दिवसभर चिखलात ओणव्या, वरून ऊन आलं की वरूनही भाजणार आणि पाण्यातून परतलेलं खालूनही. त्या महिन्यांत बाटली काकांच्या ट्रंकेत कुलूपबंद राहायची. कोणी गयावया केली तरी बाई दाद द्यायच्या नाहीत. लावणी झाल्यावर या, म्हणायच्या, तोंड कुठं पळून जात नाही.

असं पार्लर चालतं कसं, हा प्रश्न मला नेहमी पडायचा. ते भुवयांवर चालायचं. बाईंचा हात दोऱ्यावर अप्रतिम होता. पण तिथंही त्यांनी आपली सोय करून ठेवली होती. एक भुवई कोरून झाली की त्या दोरा खाली ठेवायच्या आणि बोलायला सुरुवात करायच्या. मेडिकलमधून आणलेली कुठली ट्यूब लावतेस, कोणी सांगितली, तोंड आंबलेलं दिसतंय ते कशानं, सगळं विचारायच्या आणि त्यावर मोठं व्याख्यान द्यायच्या. एका भुवईनं बाहेर पडता येत नसल्यामुळे गिऱ्हाईक ऐकून घ्यायचं.

आरसा पार्लरच्या आत नव्हता. तो ओट्यावर खिळ्याला टांगलेला होता. ट्यूबलाइटमध्ये बघितलेला रंग खरा नसतो म्हणून बाई प्रत्येकीला दंडाला धरून बाहेर उजेडात आणायच्या. समोर एसटीचं मागचं गेट. त्यामुळे कोणाच्या तोंडाचं काय चाललंय हे अख्ख्या डेपोला माहीत असायचं. तिथं उभं करून त्या गिऱ्हाइकाचाच हात त्याच्या गालाला लावायच्या. हात आणि गाल एकाच माणसाचे वाटले पाहिजेत, ही त्यांची परीक्षा. त्या काळात आमच्याकडे नवरीला गळ्यापर्यंत पांढरी फटक करायचे आणि खाली हात आपले तिचे तिचे राहायचे. बाई असल्या नवरीकडे बघून "हात विसरले" एवढंच म्हणायच्या आणि जेवायला बसायच्या.

माझ्या तोंडावर कॉलेजपासून पुरळाचे डाग होते. सहा महिने मी मागच्या खोलीत राहिले तरी बाईंनी विषय काढला नाही. शेवटी मीच एकदा विचारलं, मी सावळी आहे, मला चालेल का. बाईंनी कुंच्यानं ओटा झाडणं थांबवलं.

"सावळी काय गो? काळी म्हण. मी काळी हाय, तू माझ्यापेक्षा जरा कमी काळी हायस. डाग जातील. रंग नाय जायाचा. रंग काय पाहुणा हाय जायला?"

मला तेव्हा राग आला होता, हे खरं सांगते. मला दोन ठिकाणी दाखवून झालं होतं आणि दोन्हीकडून 'कळवतो' म्हणून कोणी कळवलं नव्हतं. दुसऱ्या वेळी तर मुलाची काकू आमच्या ओसरीवरच म्हणाली होती की मुलगी शिकलेली आहे, नोकरीला आहे, पण उजेडात बघितली तर बरं. आईनं त्या दिवसापासून माझ्या तोंडाचा ध्यास घेतला होता. रात्री झोपेतसुद्धा उसासे टाकायची. मला वाईट वाटायचं ते नकारांपेक्षा तिच्या त्या उसाशांचं.

बाईंच्या पद्धतीनं माझं सुरू झालं. कानामागे, जबड्यावर, मग तोंडाला. पावसाळ्यात बंद, नवरात्रात पुन्हा चालू. दिवाळीपर्यंत डाग खरोखरच फिके झाले होते. माझं तोंड बघून हेडमास्तर बायकोला घेऊन काळ्या छत्र्या बघायला गेले, इतका तो फरक होता. तिसरं स्थळ सांगून आलं होतं. मुलगा शहापूरकडच्या एका कारखान्यात फिटर, मूळ गाव मुरबाड तालुक्यातलं. मार्गशीर्षात बघायला येणार होते. मी दिवाळीच्या सुट्टीत बाटली घेऊन घरी गेले.

आईनं मला कापसावर थेंबभर पाणी घेऊन तोंडाला लावताना बघितलं. काय आहे ते विचारलं. मी सांगितलं. तिनं माझं तोंड हनुवटीला धरून दिव्याकडे वळवलं आणि तिला फरक दिसला. तिथंच सगळं बिघडलं. आईचा हिशेब सरळ होता. थेंबभरानं एवढं होतं, तर बाटलीभरानं किती होईल. दिवाळीच्या पहिल्या आंघोळीला तिनं उटणं कालवलं ते त्या बाटलीतल्या सगळ्या पाण्यात. वर लिंबं पिळली. मी नको नको म्हणत होते, पण आत्यानं मला पाठीमागून धरलं आणि आईनं कपाळापासून गळ्यापर्यंत जाड थर दिला. उटणं उन्हात वाळू दिलं की अंगात मुरतं, असं आमच्याकडे मानतात. आंघोळ खरी पहाटेची, पण माझी ऊन वर येईपर्यंत थांबवली आणि मला खळ्यावर नेऊन बसवलं. भात कापून खळ्यात आणून टाकलेलं, वर स्वच्छ ऊन. मी सांगितलं की आग होतेय. आत्या म्हणाली, मग लागू पडतंय.

गोऱ्या माणसाला असं झालं असतं तर तोंड लालेलाल होऊन घरच्यांनी घाबरून धुऊन टाकलं असतं. आमच्या रंगावर लाली दिसत नाही. नुसतं आतून तापत राहतं आणि बघणाऱ्याला सगळं ठीक वाटतं. चार दिवसांनी खपल्या निघाल्या आणि खाली दोन्ही गालांवर, कपाळावर तव्याच्या बुडासारखे काळे पट्टे. आई माझ्याकडे बघायची आणि चुलीपुढे जाऊन बसायची. तिनं स्वतःच्या हातांना काय काय शिव्या दिल्या त्या मी ऐकल्या आहेत. माझा तिच्यावर राग नव्हता. तिला माझं चांगलंच करायचं होतं आणि तिच्याकडे जे होतं ते सगळं तिनं एकदम लावलं होतं.

मुरबाडला परतले तेव्हा बाई ओट्यावर तांदूळ निवडत बसल्या होत्या. त्यांनी माझ्याकडे बघितलं, सूप बाजूला ठेवलं, मला उजेडात धरून अंगठ्यानं गाल दाबून बघितला. काय झालं ते मी रडत रडत सांगितलं. त्यांनी दुसरा गालही दाबून बघितला. डॉक्टरीणबाई काय म्हणायच्या, ते काही सांगितलं नाही. तेव्हा मला पहिल्यांदा भीती वाटली.

मग म्हणाल्या, "आता कायच लावायचं नाय. पाणी, खोबरेल नि छत्री."

मार्गशीर्षापर्यंत जाईल का, असं मी विचारलं. त्यांनी मान हलवली, नाही अशी. होळीपर्यंत? सांगता येत नाही. मी म्हटलं, मग कार्यक्रम पुढे ढकलायला आईला निरोप पाठवते. यावर बाईंनी जे सांगितलं ते मला तेव्हा वेडेपणाचं वाटलं होतं. ढकलायचा नाही, म्हणाल्या. आत्ताच बघू देत. याच्याहून वाईट तू कधीच दिसणार नाहीस. आज हो म्हणाला तर जन्मभराची काळजी गेली. आणि कार्यक्रम माझ्याकडे, ओट्यावर, दुपारचा.

आईला हे अजिबात मान्य नव्हतं, पण भाजल्याच्या अपराधानं तिचा आवाज बसला होता. ठरलेल्या दिवशी ती आणि आत्या जीपनं आल्या. आत्याच्या पिशवीत पावडरचा मोठा डबा होता. बाईंनी तो कौतुकानं हातात घेतला, वास घेतला, जमिनीवर आडवा ठेवला, त्याच्यावर पाट टाकला आणि स्वतः पाटावर बसल्या. कार्यक्रम संपेपर्यंत उठल्या नाहीत. पाट एका बाजूनं हलत होता, पण त्यांनी तोल सांभाळला.

मुलाकडची मंडळी आली. मुलगा, त्याची आई, एक मामा. पोहे झाले. ऊन थेट ओट्यावर आलं होतं आणि मी त्यात बसले होते, पट्ट्यांसकट. मला वाटत होतं की ओटा दुभंगावा. मुलाच्या आईनं बशी खाली ठेवली आणि तोंडाला हे काय झालंय असं विचारलं. आईनं पदर तोंडाला लावला. आत्या तापाचं काहीतरी सांगायला लागली. बाईंनी तिला हातानं थांबवलं.

"भाजलंय. हिच्या आईनंच भाजलंय, मायेनं. उतरल सावकाश, मी हाय. पण ताई, उतरल्यावर गोरी नाय निघायची. हा हात बघा हिचा." असं म्हणून त्यांनी पाटावरूनच वाकून माझा हात धरला आणि माझ्या कानाखाली, जिथं पट्टा नव्हता, तिथं लावला. "ह्यो रंग हाय. पसंत असंल तर ह्यो पसंत करा. मागनं बोलायचं नाय."

मामा एसटीच्या गेटकडे बघायला लागले. मग मुलगा, जो आल्यापासून गप्प होता, तो माझ्याकडे बघून म्हणाला, "अजून चुरचुरतंय काय?"

दिवाळीपासून मला सगळ्यांनी विचारलं होतं की डाग कधी जाणार. शाळेत, जीपमध्ये, घरी. दुखतं का, हे कोणीच विचारलं नव्हतं. मी नुसती मान हलवली, हो अशी. माझ्या डोळ्यांत पाणी आलं आणि ते पट्ट्यांवरून जाताना खरंच चुरचुरलं.

बाई त्याच्याकडे रोखून बघत होत्या. मग म्हणाल्या, "पावणं, मोजे काढा."

त्यानं आपल्या आईकडे बघितलं, मामांकडे बघितलं, मग मोजे काढले. बाईंनी पाटावरून वाकून त्याच्या टाचा बघितल्या. आम्ही सगळे बघत होतो. भर दुपारी, एसटी स्टँडमागे, एका फिटरच्या टाचांकडे.

"चालंल," बाई म्हणाल्या.

होकार तिसऱ्या दिवशी आला. सासूबाई अजून सांगतात की ज्या घरात पोरीचे दोष आधी सांगतात त्या घरात बाकी लपवलेलं काही नसणार, असा विचार त्यांनी केला होता. मामांनी मात्र आयुष्यात परत कधी त्या ओट्यावर पोहे खाल्ले नाहीत.

माघात बाईंनी माझं आंबट पाणी नव्यानं सुरू केलं. मी जणू पहिल्यांदाच आलेली असल्यासारखं, कानामागून. वैशाखात लग्न झालं तेव्हा पट्टे पुष्कळ उतरले होते, पूर्ण नाही. बाई लग्नाला छत्री घेऊन आल्या. मांडवापर्यंत माझ्या डोक्यावर त्यांनी छत्री धरली आणि करवल्यांनी लावलेली पावडर ओल्या रुमालानं पुसून काढली. हळदीत आई काही मिसळते की काय, म्हणून हळदीच्या वाटीपाशीही त्या उभ्या होत्या. आईनं त्यांना वाटीचा वास घेऊ दिला.

फोटो मुरबाडच्याच स्टुडिओवाल्यानं काढले होते. अल्बम आला आणि मी उघडला. फोटोत एक पांढरी फटक मुलगी माझा शालू नेसून बसली होती. कल्याणच्या लॅबमधून त्यानं सगळ्यांना उजळून आणलं होतं. माझ्यामागे छत्री घेऊन बाई होत्या, त्याही गव्हाळ झाल्या होत्या. घरात सगळे म्हणाले, छान आलेत. मलाही, खरं सांगायचं तर, क्षणभर बरं वाटलं. मग मी माझा हात त्या फोटोतल्या गालावर ठेवून बघितला.

बाईंनी अल्बम काखेत मारला, काकांना आणि मला बरोबर घेतलं आणि स्टुडिओत जाऊन स्टुलावर बसल्या. माझा हात फोटोवर ठेवून त्या स्टुडिओवाल्याला म्हणाल्या, "हिचा रंग परत दे."

तो म्हणाला, काकी, लोक मुद्दाम सांगून गोरं करून घेतात. बाई म्हणाल्या, आमी सांगितलं होतं काय. त्यानं मशीनचं सांगितलं, लॅबचं सांगितलं, कागदाचं सांगितलं. बाईंनी ऐकून घेतलं आणि त्या बसून राहिल्या. एक पासपोर्ट फोटोवाला आला, त्याला त्यांनी दुसऱ्या स्टुलावर बसायला सांगितलं. शेवटी त्यानं निगेटिव्ह पुन्हा कल्याणला पाठवल्या. आले ते फोटो रागानं काढल्यासारखे, सगळेच कोळशासारखे. बाईंनी ते चाळले. "एवढी पण नाय," म्हणाल्या आणि परत केले. त्याच्या पुढच्या वेळी आले ते बरोबर होते. पट्टेसुद्धा दिसत होते, फिके, जसे होते तसे. तो अल्बम अजून माझ्याकडे आहे आणि त्यातली मुलगी मी आहे.

लग्नानंतर मी बदली घेऊन शहापूरला गेले. मुरबाडला येणं सणावारी व्हायचं. दोन हजार सालानंतर गल्लीत नवी पार्लरं झाली, काचेची दारं, आत मोठे आरसे. बाजारात कसल्या कसल्या गोऱ्या करणाऱ्या ट्यूबा यायला लागल्या. मुली त्या वर्षभर चोळायच्या आणि कातडी पातळ होऊन, तोंड चट्ट्याचट्ट्यांचं झालं की बाईंच्या ओट्यावर यायच्या. बाई त्यांना आधी रागवायच्या, मग चहा द्यायच्या आणि पाणी, खोबरेल, छत्री सांगायच्या. फारच बिघडलं असेल तर कल्याणला डॉक्टरकडे पाठवायच्या. नवं काम असं राहिलंच नव्हतं, नुसती दुरुस्ती. पाटीचा रंग उडाला की त्या पेंटर बोलावून शेवटची ओळ तेवढी गिरवून घ्यायच्या. 'ब्युटी पार्लर' हे शब्द तसेच पुसट होत गेले.

बाई गेल्या त्या आवणीच्या दिवसांत. सकाळी छातीत दुखलं आणि दुपारी संपलं. मला निरोप उशिरा पोचला. मी दहाव्याला गेले. मुरबाडला जीपमधून उतरले तर स्टँडच्या कोपऱ्यावर मोठा फ्लेक्स लावलेला, भावपूर्ण श्रद्धांजलीचा. कोणी गोरी बाई गेलेली दिसतेय, असं मनाशी म्हणत मी पुढे गेले. आमच्या बाईंचा फ्लेक्स कुठं लावलाय ते शोधत होते. चार पावलं गेल्यावर काहीतरी आठवलं म्हणून परत वळून बघितलं. त्या गोऱ्या बाईच्या खांद्याजवळ छत्रीचा दांडा होता. मागे मांडवाची झालर होती. माझ्या मांडवाची. माझ्या लग्नातला फोटो कापून घेतला होता, आणि गल्लीतल्या पोरांनी प्रेमानं, बाईंना शोभून दिसावं म्हणून, दुधासारखा करून छापला होता.

बाईंच्या जाण्याचं रडू मला तोवर आलं नव्हतं, ते तिथं स्टँडवर आलं.

मी काकांकडे गेले. ते ओट्यावर आरशाखाली बसले होते. मी म्हटलं, काका, उठा. त्यांनी विचारलं नाही कुठं. वाटेत मला कळलं की त्यांनीही तो फ्लेक्स बघितला होता आणि त्या दिवसापासून ते त्या कोपऱ्यावरून जात नव्हते.

फ्लेक्सच्या दुकानात कॉम्प्युटरवर एक तरुण पोरगा होता. मी स्टूल ओढून बसले आणि म्हटलं, "बाईंचा रंग परत दे."

तो म्हणाला, काकी, चांगला आलाय ना, सगळ्यांचा असाच करतो आम्ही. मी त्याच्या पायांकडे बघितलं. चपलेतून टाचा दिसत होत्या. भेगा होत्या, पण पोरगा मनानं वाईट नव्हता. काका पुढे झाले आणि त्यांनी शर्टाची बाही वर करून डावा हात कॉम्प्युटरच्या काचेजवळ धरला. डाग आता फिके झाले होते, पण ओळी दिसत होत्या. "ह्याच्यापेक्षा जरा जास्त," ते म्हणाले. पोरगा कधी त्या हाताकडे, कधी काचेकडे बघत रंग चढवत गेला. एकदा फारच गडद झाला.

"एवढी पण नाय," काका म्हणाले. आणि मग त्यांनी चष्मा काढून पुसला.

संध्याकाळी नवा फ्लेक्स लागला. बाई होत्या तशा, काळ्या, छत्रीसकट. जुना उतरवलेला फ्लेक्स पोरं टाकून देणार होती, पण काका म्हणाले, कापड चांगलं आहे. त्यांनी तो घडी करून घरी नेला.

पुढच्या पावसाळ्यात मी गेले तेव्हा तो परसात होता, सरपणावर पसरलेला, चारी कोपऱ्यांना दगड. काका सांगत होते की पाणी अजिबात लागत नाही, लाकडं कोरडी राहतात. तेवढ्यात शेजारची नवी सून फाट्या मागायला आली आणि फ्लेक्सकडे बघून विचारायला लागली, काका, ही कोण हो बाई, एवढी गोरी?

काकांनी तिला फाट्या काढून दिल्या आणि फ्लेक्स परत नीट ओढून घेतला.

"काय माहीत," ते म्हणाले. "आमच्या घरात अशी कोण नव्हती."